मुलांचा पहिला चाकू: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सुट्टीतली शिबिरे आणि पावसाळी ट्रेक जवळ आले की घडीच्या चाकूबद्दल पत्रे येऊ लागतात. त्यांतली काही निवडून इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न: मुलाला जूनमध्ये नऊ पूर्ण होतील. वाढदिवसाला त्याला ‘स्विस चाकू’च हवा आहे. एवढ्या लहान वयात द्यावा का? आणि द्यायचा ठरवला तर प्रकार इतके आहेत की नेमके काय बघून घ्यायचे तेच कळत नाही. लॉकवाला बरा की बिनलॉकचा? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: वयाच्या आकड्यावरून फारसे ठरत नाही, त्याच्या हातांकडे बघा. आखलेल्या रेषेवरून कात्री नीट चालते का? सोलाण्याने काकडीची साल काढता येते का? आणि ‘थांब’ म्हटल्यावर हात तिथल्या तिथे थांबतो का? तिन्हींना ‘हो’ असेल तर नऊ वर्षे पुरेत. शेवटच्याला ‘नाही’ असेल तर बाराही कमीच.

आता चाकू. दुकानात जो तो पाते उघडून आधी धार बघतो. मुलासाठी घेताना मात्र पाते मिटते कसे ते आधी बघायचे. घडीच्या चाकूचा जो खास धोका आहे, जो स्वयंपाकघरातल्या सुरीला नाही, तो तिथेच आहे: पाते अवचित बोटांवर मिटणे.

नेहमीचा स्विस चाकू बिनलॉकचा असतो. मुठीच्या पाठीतून एक पोलादी पट्टी जाते, ती स्प्रिंगसारखी पात्याच्या बुडावर दाब देते आणि त्या दाबावर पाते उघडे राहते. सरळ कापताना जो जोर लागतो तो पात्याला आणखी उघडण्याकडेच ढकलतो, त्यामुळे भीती नाही. पण मुलाने टोकाने भोक पाडायला घेतले, किंवा लाकडात रुतलेले पाते वरखाली हलवून सोडवायला गेला, की जोर पात्याच्या पाठीवर येतो, स्प्रिंग हरते आणि पाते थेट बोटांवर बसते. म्हणून असा चाकू देताना पहिला नियम एकच: याने फक्त कापायचे. भोसकायचे नाही, उचकटायचे नाही, डबा उघडायला पाते वापरायचे नाही.

मग लॉकवाला घेतला की प्रश्न मिटला असे वाटते, पण लॉकही दोन तऱ्हेचे बघायला मिळतात. एकात मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पात्यामागे सरकून अडते. मिटवताना ती अंगठ्याने बाजूला दाबायची, म्हणजे अंगठा नेमका पात्याच्या वाटेत. मोठ्यांना सवयीने जमते, लहान मुलाला हा प्रकार देऊ नये. दुसरा फ्रान्सच्या ओपिनेल चाकूवरचा कड्याचा लॉक. पात्याच्या बुडाशी एक पोलादी कडे असते, ते फिरवले की पाते उघड्या स्थितीत अडकते. २००० सालापासूनच्या चाकूंत तेच कडे मिटलेल्या स्थितीतही पाते अडवते, त्यामुळे दप्तरात चाकू आपोआप उघडत नाही. कडे फिरवताना बोटे वाटेत येत नाहीत हे याचे मोठे सुख. पण या चाकूत स्प्रिंगच नाही, नुसत्या घर्षणावर पाते उभे असते. कडे फिरवायचे राहिले तर तो बिनलॉकच्या स्विस चाकूपेक्षाही वाईट. तेव्हा उघडले की कडे, मिटवले की कडे, ही सवय अंगवळणी पडेपर्यंत शेजारी बसा.

नावे घेऊन सांगायचे तर नऊ वर्षांच्या मुलाला दोन चाकू चालतील. स्विस कंपनी व्हिक्टोरिनॉक्सचा ‘माय फर्स्ट’ हा मिटल्यावर ८४ मिमी भरतो आणि त्याचे मोठे पाते गोल टोकाचे असते. ओपिनेलचा ७ नंबर गोल टोकात मिळतो, पाते ८ सेमीचे. फळे, दोऱ्या, पाकिटे अशी किरकोळ कापाकापी असेल तर पहिला. काठ्या तासायचे वेड असेल तर दुसरा, कारण त्याची लाकडी मूठ गोल आणि भरीव असते आणि अर्धा तास धरली तरी तळहाताला रुतत नाही. किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचा ५८ मिमीचा पिटुकला चाकू दिसायला मुलांच्या मापाचा वाटतो, पण तो चिमटीत धरावा लागतो आणि चिमटीत धरलेले पाते फिरते. पंधरा-वीस अवजारांचा जाडजूड चाकूही नको. मूठ मुठीत मावत नाही, आणि हवे ते पाते बाहेर काढताना नको ती तीन बाहेर येतात.

खरेदीला त्यालाच घेऊन जा. पात्यावर नखासाठी खाच असते, तिथून त्याला स्वतःच्या नखाने लागोपाठ पाच वेळा उघडता-मिटवता आले पाहिजे. स्प्रिंग फार कडक असेल तर घरी दाताने उघडण्याचे उद्योग होतात. पाते उघडून डावी-उजवीकडे हलवून बघा, खटखट वाजले किंवा हलले तर तो चाकू परत ठेवा. मिटल्यावर पाते मुठीतल्या खाचेच्या मधोमध बसले पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर धार तिथेच मरते. बटण दाबताच फटकन उघडणारे, दोन्ही बाजूंनी धार असलेले, कवटीची चित्रे काढलेले असे काहीही घेऊ नका. अर्धे पाते दातेरी असलेलेही नको. दात्यांना घरच्या सपाट दगडावर धार लागत नाही आणि लाकूड तासताना ते अडकतात.

प्रश्न: नातवासाठी चाकू घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, ‘आजोबा, धार थोडी मारून देतो, म्हणजे पोराला लागणार नाही.’ कल्पना बरी वाटली. करून घ्यावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: नको, आजोबा. टोक गोल असू द्या, धार मात्र चांगली हवी. बोथट पाते लाकडात शिरत नाही, मग मूल जोर वाढवते, आणि जोराने रेटलेले पाते सटकले की कुठे जाऊन थांबेल ते त्याच्या हातात राहत नाही. धारदार पाते कमी जोरात चालते, म्हणून थांबवताही येते. शिवाय सटकलेले बोथट पातेही कातडी कापतेच, फक्त फाडल्यासारखी कापते, आणि तशी जखम भरायला वेळ लागतो.

गोल टोकाची बाब वेगळी. धावता-पडताना, हातवारे करताना, भावंडाच्या अंगावर ओणवे होताना टोक घुसते, आणि ते गोल असले तर ही एक इजा टळते. टोकाची गरज पहिली एक-दोन वर्षे पडतही नाही. धार आहे की नाही हे वर्तमानपत्राच्या कागदावर बघा: कागद एका हाताने उभा धरून पाते वरून खाली ओढले की सरळ चीर पडली पाहिजे. कागद चुरगळून फाटत असेल तर धार गेली आहे.

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची. तिला ‘चाकू नेहमी अंगापासून लांब चालवायचा’ असे शिकवले. आता ती आजीला टोकते, कारण आजी कैरीची साल चाकू अंगठ्याकडे ओढत काढते. आजीचा हात आयुष्यात कधी कापलेला नाही. बरोबर कोण? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर: आजी बरोबर आहेत, पण मुलीने अजून तसे करू नये.

आजींचा हात नीट बघा. चाकू धरलेल्या हाताचा अंगठा कैरीवर घट्ट टेकलेला असतो, आणि तो पात्याच्या रेषेच्या जरा खाली असतो, समोर नाही. पाते पुढे सरकते ते मनगटाने नाही, मूठ आवळल्याने. मूठ पूर्ण आवळली की हालचाल आपोआप संपते, त्यामुळे पाते अंगठ्यापर्यंत पोचतच नाही. लाकडावर कोरीवकाम करणारेही बारीक कामाला हीच पकड वापरतात. मुले नक्कल करतात तेव्हा अंगठा हवेत ठेवतात आणि चाकू कोपरातून ओढतात. कोपरातून आलेल्या जोराला थांबा नसतो.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांतली. विळीवर पाते जागेवर असते आणि भाजी हलते. विळीवर बसणाऱ्या घरातली मुले चाकूही तसाच वापरायला जातात: चाकू स्थिर धरून वस्तू त्यावर ओढतात. घडीच्या चाकूशी हे करू देऊ नका. वस्तू स्थिर, पाते हलते.

आधी सहा-आठ महिने फक्त बाहेरच्या दिशेने कापू द्या. मग आजींची पकड आजींनीच शिकवावी, उकडलेल्या बटाट्यापासून सुरुवात करून. कोकणात कोणी असेल तर एक सूचना: ओले काजूगर काढायला मुलांना लगेच बसवू नका. टरफलातला चीक कातडी पोळतो, हात चिकट होतो आणि चाकू निसटतो.

प्रश्न: मी ११ वर्षांचा आहे आणि स्काऊटमध्ये आहे. मला काठी तासायला आवडते. बांबू तासताना बोटाला लागले. कोणते लाकूड चांगले? आणि सर म्हणतात बसून तास, पण उभ्याने काय होते? (एक बालवाचक, नाशिक)

उत्तर: बांबूने बऱ्याच जणांना फसवले आहे, तू एकटा नाहीस. बांबूचे तंतू सरळ लांब असतात. पाते आत शिरले की तो कापला जात नाही, चिरत जातो, आणि चीर एकदम पुढे पळते तसा चाकूही पळतो. वर त्याची तुटलेली कडच पात्यासारखी धारदार असते. शक्य आहे की तुला चाकूने नाही, बांबूनेच कापले असेल.

सुरुवात अंगाच्या साबणाच्या वडीवर कर. मग गाजर. मग ओले लाकूड, कारण ओले लाकूड वाळलेल्यापेक्षा खूप सहज कापले जाते. सुबाभळीची अंगठ्याएवढ्या जाडीची सरळ फांदी छान, ती सगळीकडे मिळतेही. पांगाऱ्याचे लाकूड मऊ आणि हलके असते, फक्त फांदीवरचे काटे आधी मोठ्यांकडून काढून घे. वाळलेला साग सध्या राहू दे. तो कठीण असतो आणि त्याच्यातल्या वाळूसारख्या कणांनी धार लवकर जाते. फांदीवर गाठ दिसली तर ती टाळून तास, गाठीशी पाते अडकते आणि मग सटकते.

काही झाडांना हात लावायचा नाही: कण्हेर (सगळे झाड विषारी, तिच्या काठीला खाऊ लावून भाजायचेही नाही), रुई आणि शेर (चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते), बिब्बा (अंगावर फोड येतात). आंब्याच्या चिकानेही काहींना पुरळ येते. झाड ओळखता येत नसेल तर ती फांदी सोडून दे. आणि जिवंत झाडाची फांदी विचारल्याशिवाय तोडू नकोस, छाटणीत पडलेल्या भरपूर मिळतात.

आता बसण्याबद्दल. सर बरोबर सांगतात. उभ्याने पाय हलतात, तोल जातो आणि काठी पोटाशी धरली जाते. दगडावर किंवा स्टुलावर बस, दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकव आणि काठी गुडघ्यांच्या पुढे धर. मांड्यांच्या मध्ये काठी धरून कधीही तासायचे नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते, तिथली जखम जिवावर बेतू शकते. बसण्याआधी मिटलेला चाकू हातात धरून हात लांब कर आणि स्वतःभोवती गोल फिरव. कोणाला लागतो का? लागला तर तो लांब जाईपर्यंत चाकू उघडायचा नाही. मध्येच कोणी त्या गोलात आले तर पाते मिटव, मग बोल.

बारीक ढलपी काढायला एक युक्ती: उजव्या हातात चाकू असेल तर डाव्या हाताने काठी धर आणि डाव्याच अंगठ्याने पात्याची पाठ पुढे ढकल. उजवा हात फक्त कोन सांभाळतो. अंगठा जेवढा लांब होतो तेवढेच पाते जाते, पुढे पळत नाही. ढलपी जाड निघत असेल तर पाते जास्त उभे झाले आहे, थोडे आडवे कर.

दुसऱ्याला चाकू द्यायचा तर मिटवून द्यायचा. आणि मिटवताना पाते मांडीवर दाबून मिटवायचे नाही: एका हातात मूठ, बोटे खाचेच्या बाहेर, दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याची पाठ ढकलायची.

प्रश्न: लाकडी मुठीचा ओपिनेल आणला. पावसाळा लागताच पाते मुठीत असे रुतून बसले की उघडेना. वर त्यावर काळे-तपकिरी डाग. मुलगा हिरमुसला आहे. चाकू खराब निघाला का? (एक वाचक, पणजी)

उत्तर: चाकू ठीक आहे, हवा दमट आहे. लाकूड ओलावा ओढून फुगते आणि खाच आवळली जाते. चाकू तांदळाच्या डब्यात चार-पाच दिवस ठेवा, बहुतेक वेळा सुटतो. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, मूठ तडकेल. नखाला दाद देत नसेल तर मिटलेला चाकू घट्ट धरून मुठीचे मागचे टोक टेबलावर हलकेच आपटा. धक्क्याने पाते जरासे बाहेर येते, तिथून ते धरायचे. हे मोठ्यांनी करावे, मुलाने नाही. सुटल्यावर पाते ज्यावर फिरते त्या खिळ्यापाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि वर आलेले तेल पुसा. खोबरेल तेल घरात असते म्हणून मोह होतो, पण ते खिळ्यापाशी राहून चिकट होते आणि धूळ धरते.

डाग पडले म्हणजे तुमचे पाते कार्बन पोलादाचे दिसते. ते धार सुरेख घेते, पण लिंबू, कैरी, कोकम लागले की काळे पडते आणि ओले राहिले की गंजते. काळेपणा निरुपद्रवी आहे, तांबूस गंज मात्र राखेने किंवा भांड्याच्या घासणीने लगेच काढा. किनारपट्टीवरच्या मुलाला पहिला चाकू स्टेनलेसचाच द्यावा. धार थोडी कमी टिकेल, पण तो ओल्या टॉवेलात गुंडाळून विसरला तरी चाकू वाचेल, आणि मुले विसरतातच.

प्रश्न: रस्त्यावरच्या धारवाल्याकडे मुलाचा चाकू दिला. धार आली, पण पात्याची कड निळसर पडली आणि चार दिवसांत पुन्हा बोथट. असे का? घरी धार लावता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: कोरड्या चाकावर पाते तापले. निळा रंग हा जास्त तापल्याचा पुरावा असतो. तिथल्या पोलादाचे पाणी उतरते, ते मऊ होते, मग धार टिकत नाही. निळा भाग दगडावर पूर्ण झिजून गेला की खालचे पोलाद पुन्हा नीट चालेल. कोयत्या-विळ्यांसाठी धारवाला उत्तम, दीड सेंटिमीटर रुंदीच्या पात्याला नाही.

घरी लावण्यासाठी १००० नंबरचा (नंबर म्हणजे दगडाचा बारीकपणा) पाण्याचा दगड घ्या. भिजवून ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. पाते दगडावर आडवे टेकवून पाठ साधारण ५ मिमी उचला. दीड सेंटिमीटर रुंद पात्याला हा कोन सुमारे २० अंशांचा होतो. हाच कोन शेवटपर्यंत राहिला पाहिजे, सगळी गोम त्यात आहे. एका बाजूला आठ-दहा घासे, बुडापासून टोकापर्यंत. मग दुसऱ्या बाजूने नख पाठीकडून धारेकडे अलगद फिरवा (धारेवरून आडवे नाही). बारीक कड नखाला अडकली की ती बाजू झाली. तितकेच घासे दुसऱ्या बाजूला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाते उलट दिशेने, धार मागे ठेवून, दहा वेळा ओढा, म्हणजे ती कड निघून जाते. मुलाला पहिले काही महिने फक्त पट्ट्यावर ओढू द्या. कोन हातात बसला की दगड.

प्रश्न: ट्रेकला मुलाच्या सॅकमध्ये चाकू असला तर कायद्याची अडचण येते का? (एक वाचक, ठाणे) आम्ही ब्रिटनमध्ये राहतो. इथे काय नियम? (एक वाचक, स्लाऊ)

उत्तर: शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, आणि घरगुती, शेतीच्या वापराची अवजारे त्यातून वगळली आहेत. मुलाचा चाकू त्या मापाच्या आसपासही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीसारखे आदेश लागू असताना सार्वजनिक जागी चाकू बाळगण्यावर बंदी असू शकते. त्यामुळे प्रवासात चाकू मोठ्यांच्या सॅकच्या तळाशी, आणि डोंगरावर पोचल्यावर मुलाच्या हाती. विमानात तो केबिनच्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका. शाळेच्या दप्तरात कधीही नाही. ट्रेकची सॅक आणि शाळेचे दप्तर एकच असेल तर सोमवारी सकाळी ते तुम्हीच तपासा.

ब्रिटनमध्ये कारणाशिवाय खिशात बाळगता येतो तो फक्त मिटणारा, बिनलॉकचा आणि ३ इंचांपर्यंत (७.६२ सेमी) धार असलेला चाकू. लॉक असेल तर ही सवलत नाही, म्हणून वर सांगितलेला ओपिनेल तिथे दोन्ही अटींवर बाद होतो. शिबिराला नेणे हे रास्त कारण ठरू शकते, पण परतताना दुकानात शिरलात तर खिशातल्या चाकूला ते कारण उरत नाही. तुमच्यासाठी बिनलॉकचा स्विस चाकूच सोयीचा.

प्रश्न: कापलेच तर हळद दाबावी का? आणि कापू नये म्हणून हातमोजे घालावेत का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: हळद, कॉफी, चहापूड काही नको. जखम वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका, हात छातीच्या वर ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनीही रक्त थांबले नाही, जखमेच्या कडा उघड्या राहिल्या, बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर लगेच डॉक्टरांकडे. धनुर्वाताची लस सरकारी वेळापत्रकात पाचव्या-सहाव्या वर्षी आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी असते. दहाव्या वर्षाची राहून जाते, चाकू घेण्याआधी ती कार्डावर बघून घ्या.

हातमोजा घालायचा तर कापरोधक, मापाचा, आणि फक्त वस्तू धरलेल्या हातात. चाकूच्या हातात मोजा नको, मूठ घसरते. सैल मोजा अजिबात नको, कारण त्याचे रिकामे टोक पात्याखाली येते. आणि हा मोजा धारेला अडवतो, टोकाला नाही.